ग्राहक मेगापिक्सेल विकत घेत नाही, मोबाईलवर चालणारं चित्र विकत घेतो



"भाऊ, कॅमेरे तं लावले, पण मोबाईलवर काहीच दिसून नाही राह्यलं. नुसतं गोल गोल फिरून राह्यलं."

सीसीटीव्हीच्या धंद्यात असाल, किंवा उतरायचा विचार करत असाल, तर हे वाक्य तुम्हाला ऐकावंच लागणार. मी मंगरूळपीरमध्ये दुकान चालवतो, सोबत ट्रेनिंग देतो, आणि हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. या आठवड्याच्या व्हिडिओत मी सेटिंग स्क्रीनवर दाखवल्या आहेत. इथे त्या लिहून देतोच, पण त्यासोबत माझं एक स्पष्ट मतही सांगतो. काही जुन्या दुकानदार मित्रांना ते पटणार नाही. चालेल.

माझं मत असं: छोट्या गावातल्या सीसीटीव्हीवाल्याचा खरा माल कॅमेरा नाही. त्याचा खरा माल म्हणजे ग्राहक अकोल्याला असो की पुण्याला, त्याच्या मोबाईलवर ५ सेकंदांत उघडणारं, न अडकणारं चित्र. कॅमेरा आज कोणीही ऑनलाईन मागवू शकतो. ते चित्र नीट चालवून देणारा माणूस मात्र गावातच लागतो. आणि आपण नेमकं तेच काम फुकटात आणि अर्धवट करतो.

माझी चूक आधी सांगतो

२०१९ सालची गोष्ट. बीबीए करून दुकान टाकलेलं, डोक्यात मार्केटिंग भरलेलं. एका कृषी केंद्रवाल्या काकांकडे ४ कॅमेरे लावले. त्यांनी २ मेगापिक्सेलचे मागितले होते, मी ५ मेगापिक्सेलचे गळ्यात मारले. "काका, एकदम क्लिअर येते, चेहरा ओळखू येते." दुकानात बसून त्यांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. चित्र काचेसारखं. काका खूश, मी खूश. ६ हजार बाकी होते, ते महिन्यानंतर द्यायचं ठरलं.

तीन आठवड्यांनी काका दवाखान्याच्या कामाने अमरावतीला गेले. रात्री साडेअकराला शेजाऱ्याचा त्यांना फोन, "तुमच्या शटरचा आवाज येऊन राह्यला." काकांनी ॲप उघडलं. गोल फिरतंय. बंद करून पुन्हा उघडलं. एक फ्रेम दिसली, तीही अर्धी, मग पुन्हा गोल. गोडाऊनमध्ये हंगामाचं बियाणं आणि खत भरलेलं. माणूस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून घामाघूम. शेवटी त्यांनी मला फोन केला, मी गाडी काढून दुकानावर गेलो. पाहतो तर एक मोकाट वळू शटरला अंग घासत होता.

नुकसान शून्य. पण दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "बापू, वळू होता म्हणून वाचलो. चोर असता तं? तुह्या कॅमेऱ्याचं काय लोणचं घालू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काय केलं माहिती आहे? आधी इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या. मग काकांना मोठा रेकॉर्डर घ्यायला सांगितलं. म्हणजे स्वतःचं अज्ञान झाकायला त्यांच्याच खिशात पुन्हा हात घातला. काकांनी अर्थातच नकार दिला, ६ हजार अडकवले, आणि बाजार समितीत चार लोकांना सांगितलं की याचे कॅमेरे काही कामाचे नाहीत.

पुढे दोन महिने मी रात्री जागून शिकलो. मग परत गेलो. नवीन कॅमेरा नाही, नवीन रेकॉर्डर नाही, नवीन इंटरनेट नाही. ४० मिनिटं सेटिंग केली आणि तेच चित्र अमरावतीला चालू लागलं. काकांनी ६ हजार दिले. शिकायला लागलेले दोन महिने मात्र मला कोणी परत दिले नाहीत. ते तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

दुकानात चित्र चालतं, बाहेर का अडकतं?

पहिली गोष्ट समजून घ्या. दुकानात बसून, दुकानाच्याच वायफायवर ॲप उघडलं की चित्र बहुतेक वेळा इंटरनेटवर जातच नाही. कॅमेऱ्यातून राऊटर, राऊटरमधून मोबाईल, झालं. घरातल्या घरात. ग्राहक बाहेर गेला की तेच चित्र दुकानातून वर चढवावं लागतं. त्याला अपलोड म्हणतात.

आणि आपण इंटरनेट घेताना कोणता स्पीड पाहतो? डाउनलोड. सिम टाकलेल्या राऊटरवर डाउनलोड २० आला तरी अपलोड अनेकदा ३ ते ५ एमबीपीएसच असतो. संध्याकाळी त्याहून कमी. बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत गावात गर्दी झाली की मोबाईल नेटवर्कची काय अवस्था होते, हे मंगरूळवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता काकांच्या दुकानाचा हिशोब करा. एका ५ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा बिटरेट मी ४ एमबीपीएस ठेवला होता. ४ कॅमेरे म्हणजे १६ एमबीपीएस. अपलोड ५. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली आणि खाली अर्धा इंची नळ लावला, तर बादली भरायला वेळ लागणारच. टाकी आणखी मोठी करून काय उपयोग?

मी नेमकं तेच सुचवत होतो, मोठी टाकी.

एका कॅमेऱ्यात दोन चित्रं असतात

आजकालच्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात आणि रेकॉर्डरमध्ये दोन स्ट्रीम असतात. मेनस्ट्रीम म्हणजे पूर्ण क्वालिटीचं चित्र, ते हार्ड डिस्कवर रेकॉर्ड होतं. सबस्ट्रीम म्हणजे छोटं, हलकं चित्र, ते मोबाईलवर लाईव्ह बघायला. चोरी झाली तर पोलिसांना मेनस्ट्रीमचं रेकॉर्डिंग द्यायचं. "आत्ता दुकानात काय चाललंय" हे बघायला सबस्ट्रीम पुरतं. मोबाईलची स्क्रीन तरी केवढी असते? त्यात ४ कॅमेऱ्यांचे ४ चौकोन केले तर एका चौकोनात ५ मेगापिक्सेल दिसणार तरी कुठे?

आपले ९० टक्के लोक सबस्ट्रीमच्या सेटिंगला हातही लावत नाहीत, कंपनीने जे दिलं तेच राहू देतात, असा माझा अंदाज आहे. मी पण लावला नव्हता.

आता सेटिंग लिहून घ्या. घर आणि छोट्या दुकानासाठी मी इथून सुरुवात करतो:

१. सबस्ट्रीमचं रिझोल्यूशन: ६४० × ३६०, किंवा मेनूमध्ये त्याच्या जवळचं जे असेल ते.

२. फ्रेम रेट: १० ते १२. सिनेमा बघायचा नाहीये. माणूस आला की गेला, हे कळायला १० पुरतात.

३. बिटरेट: ३८४ केबीपीएस. ४ कॅमेरे मिळून साधारण दीड एमबीपीएस.

४. कोडेक: सबस्ट्रीमला एच.२६४, मेनस्ट्रीमला एच.२६५. एच.२६५ तेवढ्याच क्वालिटीला बरीच कमी जागा घेतो, म्हणून रेकॉर्डिंगला चांगला. पण जुने मोबाईल आणि काही ब्राउझर त्याला नीट चालवत नाहीत, काळी स्क्रीन येते. एच.२६४ २००३ पासून आहे, तो सगळीकडे चालतो.

५. आय-फ्रेम इंटरव्हल: फ्रेम रेटएवढा, फार तर दुप्पट. ही सेटिंग सर्वात जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून थोडं समजावतो. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. मध्ये मध्ये एक पूर्ण चित्र येतं, त्याला आय-फ्रेम म्हणतात. बाकीच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं एवढंच असतं. ग्राहकाने ॲप उघडलं की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत त्याला थांबावं लागतं. फ्रेम रेट २५ आणि इंटरव्हल १०० असेल, तर ४ सेकंदांपर्यंत नुसती वाट बघणं. इंटरव्हल २५ केला की जास्तीत जास्त १ सेकंद.

६. स्मार्ट कोडेक सबस्ट्रीमला बंद: वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, मागे "प्लस" किंवा "स्मार्ट" असं काहीतरी असतं. तो हार्ड डिस्कची जागा वाचवायला आय-फ्रेममधलं अंतर ताणतो. रेकॉर्डिंगला ठीक, लाईव्हला त्रास.

७. रात्रीची तपासणी: अंधारात चित्रात दाणे येतात. कॅमेऱ्याला तो प्रत्येक दाणा म्हणजे हालचाल वाटते आणि बिटरेट वाढतो. वरून इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, पावसाचे थेंब चमकतात. म्हणून बिटरेटला वरची मर्यादा घाला, आणि एकदा रात्री ९ नंतर चित्र उघडून बघा. दुपारी दोनला चाललं म्हणजे काम झालं, असं समजू नका.

आता हिशोब पुन्हा करा. अपलोड ५ आहे, त्यातले ७० टक्केच आपले धरा, म्हणजे साडेतीन. बाकीचे दुकानाच्या व्हॉट्सॲपला आणि पेमेंटला राहू द्या. ४ कॅमेऱ्यांचे दीड एमबीपीएस. काका अमरावतीत बघतायत आणि मुलगा पुण्यात बघतोय, तर दोघांचे मिळून ३. बसलं! तिसऱ्याने उघडलं की अडकणार. हे ग्राहकाला आधीच सांगा. आधी सांगितलं तर त्याला ती माहिती वाटते, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो.

कॅमेरा निर्दोष, वायर दोषी

सेटिंग बरोबर असूनही चित्र अडकलं, तर स्ट्रीमिंगला हात लावायच्या आधी या चार गोष्टी बघा.

वायफाय कॅमेरा राऊटरपासून दोन भिंती आणि एका टिनाच्या शेडपलीकडे असेल, तर तो रडणारच. टिन म्हणजे सिग्नलचा दुश्मन. लांब अंतराला २.४ गिगाहर्ट्झ वापरा, ५ गिगाहर्ट्झ भिंत फारशी ओलांडत नाही. शक्य असेल तिथे सरळ नेटवर्क केबल टाका. एका केबलची मर्यादा १०० मीटर आहे, गोडाऊन त्यापलीकडे असेल तर मध्ये स्विच लागेल.

दुसरं, वीज. आपल्याकडे लाईट जाते. रेकॉर्डरला यूपीएस लावतात आणि राऊटरला विसरतात. रेकॉर्डिंग चालू, पण मोबाईलवर अंधार! राऊटरसाठी छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. तो प्रत्येक कोटेशनमध्ये टाका. फक्त राऊटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचाच आहे ना, हे आधी बघून घ्या.

तिसरं, हार्ड डिस्क. मेनस्ट्रीम २ एमबीपीएस ठेवला तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी खातो. ४ कॅमेरे मिळून ८६ जीबी. म्हणजे १ टीबीमध्ये साडेअकरा दिवस. "महिन्याभराचं रेकॉर्डिंग राहते" असं तोंडाने सांगून मोकळे होऊ नका, हा हिशोब ग्राहकासमोर कागदावर करा. मोबाईलवरचं चित्र अडकलं तर ग्राहक रागावतो. हवं ते रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं निघालं तर तो परत येत नाही.

चौथं, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महत्त्वाचं. बिल देण्याआधी ग्राहकाच्या मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा, दुकानाबाहेर रस्त्यावर जा आणि तिथे ॲप उघडा. ही दोन मिनिटांची टेस्ट मी २०१९ मध्ये केली असती, तर काकांची ती रात्र टळली असती.

कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये चित्र बघायचं असेल तर

हा भाग थोडा पुढचा आहे, पण जो शिकेल त्याला पाच वर्षं काम कमी पडणार नाही.

काही ग्राहकांना कंपनीच्या ॲपवर अवलंबून राहायचं नसतं. त्यांना घरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकून, ब्राउझरमध्ये सगळे कॅमेरे एका ठिकाणी बघायचे असतात. झोनमाइंडर, फ्रिगेट अशी मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर यासाठी आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र आणायला ओएनव्हीआयएफ नावाचं मानक आहे, २००८ पासून. कॅमेरा घेताना खोक्यावर ते नाव बघून घ्या.

इथे नवशिक्याची गाडी अडते ती अशी: कॅमेरा चित्र देतो आरटीएसपी नावाच्या पद्धतीने. ही पद्धत १९९८ ची आहे, आणि ब्राउझर ती थेट समजत नाही. मध्ये दुभाषा लागतो. तो दुभाषा चित्र कोणत्या पद्धतीने पुढे देतो, यावर सगळा खेळ आहे.

एमजेपीईजी: एकामागून एक फोटो पाठवणं. सगळीकडे चालतं, पण फार जड. आपल्या अपलोडवर जीव जातो.

एचएलएस: ॲपलने २००९ मध्ये आणलं. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतो. चित्र स्थिर राहतं, पण १०-२० सेकंद मागे असतं. क्रिकेट बघायला ठीक. शटरवर कोण आहे हे बघायला नाही, २० सेकंदांत चोर गल्ली ओलांडतो.

वेबआरटीसी: व्हिडिओ कॉलसाठी तयार झालेली पद्धत, २०२१ मध्ये तिला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. उशीर साधारण १ सेकंदाच्या आत. लाईव्ह बघायला हीच निवडा.

गो-टू-आरटीसी नावाचं मोफत सॉफ्टवेअर हा दुभाषा बनतं, आणि फ्रिगेटमध्ये ते आधीपासूनच असतं. त्याचा दुसरा फायदा असा की ते कॅमेऱ्याकडून चित्र एकदाच घेतं आणि सगळ्यांना वाटतं. स्वस्त कॅमेऱ्याला एकाच वेळी तीन-चार जणांनी थेट मागणी केली की तो हात टेकतो.

आणि एक सावधानी. सॉफ्टवेअरला चित्र बदलायला लावू नका, आहे तसं पुढे पाठवायला लावा. एच.२६५ चं एच.२६४ करणं, मोठ्याचं छोटं करणं, हे काम प्रोसेसरला घाम फोडतं. ग्राहकाचा जुना कॉम्प्युटर त्यातच गार होतो आणि आपण म्हणतो सॉफ्टवेअर बेकार आहे. कॅमेऱ्याच्या सबस्ट्रीमलाच एच.२६४ करून ठेवलं, तर बदलायची गरजच उरत नाही. म्हणूनच वरचा चौथा मुद्दा.

चित्र चालवायच्या नादात दार उघडं ठेवू नका

आता मुख्य मुद्द्यावर येतो. इथे मी कडक बोलणार आहे.

चित्र बाहेर दिसत नाही, ग्राहक डोक्यावर बसलाय, अशा वेळी आपले लोक एक शॉर्टकट मारतात. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करतात, पासवर्ड "ॲडमिन १२३४५" ठेवतात, आणि प्रत्येक ग्राहकाकडे तोच. "लक्षात राहायला सोपं जाते ना भाऊ." तुमच्या लक्षात राहायला सोपं, तसंच दुसऱ्यालाही सोपं.

फेब्रुवारी २०२५ मधलं राजकोटचं प्रकरण आठवा. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातलं, महिलांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण बाहेर पडलं आणि टेलिग्रामवर विकलं गेलं. अटक झालेल्यांमध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. म्हणजे हे काही परदेशातलं संकट नाही. आणि २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने तर कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले लाखभराच्या वर कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांचा वापर करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाईट काही तास बंद पाडल्या.

आपण ज्या घरात कॅमेरा लावतो, तिथे एखाद्या ताईचा, आजीचा, लेकराचा वावर असतो. ग्राहक आपल्याला घराची किल्ली देत नाही, पण कॅमेऱ्याचा पासवर्ड देतो. माझ्या मते दोन्ही एकच. म्हणून माझ्या दुकानाचे नियम:

१. प्रत्येक ग्राहकाचा पासवर्ड वेगळा, आणि तो ग्राहकाने स्वतः टाईप करायचा. मी तोंड फिरवून उभा राहतो.

२. पोर्ट फॉरवर्ड नाही. कंपनीचं अधिकृत ॲप, नाहीतर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन. तसंही सिमच्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड बहुतेक चालतच नाही, कारण एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो.

३. सर्व्हिसनंतर माझ्या मोबाईलमधून ग्राहकाचा कॅमेरा त्याच्यासमोर डिलीट.

४. बेडरूम, ट्रायल रूम, तपासणीची खोली इथे कॅमेरा लावणार नाही. दुप्पट पैसे दिले तरी नाही. एका कापड दुकानाचं काम मी याच कारणाने सोडलंय.

५. नवीन माल भरताना सरकारी नियम बघायचा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षेच्या अटी पूर्ण करणं आणि त्याची चाचणी करून घेणं बंधनकारक झालंय. स्वस्तात मिळतोय म्हणून प्रमाणपत्र नसलेला माल भराल, तर तो तुमच्याच गोडाऊनमध्ये पडून राहील.

"पण सेटिंगचे पैसे कोण देते भाऊ?"

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. कारंजा असो, मालेगाव असो, शेलूबाजार असो. प्रश्न खोटा नाही. आपल्या भागात हाताला लागणाऱ्या वस्तूचे पैसे मिळतात, डोक्याचे मिळत नाहीत, असा अनुभव आहे. सोयाबीनचा भाव पडला की ग्राहक शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, तेही खरं.

पण मी उलटं विचारतो. कॅमेऱ्यावर तुम्हाला उरतं काय? ग्राहक मोबाईलवर ऑनलाईन किंमत दाखवतो आणि तुमचं मार्जिन तिथेच संपतं. तुम्ही खोका विकत राहिलात, तर तुमची स्पर्धा देशातल्या सगळ्यात मोठ्या दुकानांशी आहे. ती तुम्ही हरणार. "चित्र चालवून देतो" हे विकलंत, तर तुमच्याशी स्पर्धा करायला त्यांना मंगरूळपीरच्या गल्लीत यावं लागेल.

मी बिलात तीन ओळी वेगळ्या लिहितो. पहिली, सामान. दुसरी, फिटिंग. तिसरी, "मोबाईलवर चित्र चालू करून देणे, बाहेरच्या नेटवर तपासून", ८०० रुपये. सुरुवातीला लोक विचारायचे, हे काय? मी म्हणायचो, "काका, रस्त्यावर जाऊन बघा. चित्र ५ सेकंदांत नाही उघडलं तर हे ८०० देऊ नका." आजवर दोन वेळा घेतले नाहीत. दोन्ही वेळा चूक माझीच होती.

दुसरं, वार्षिक सर्व्हिस. २,००० रुपये, वर्षातून दोन भेटी: एक पावसाळ्यानंतर, एक दिवाळीआधी. दोन्हींत किमान महिनाभर अंतर पडेल असं ठरवा. काच पुसणं, बिटरेट आणि तारीख-वेळ तपासणं, पासवर्ड बदलून घेणं, रेकॉर्डिंग मागे जाऊन उघडून बघणं. ३० ग्राहक जोडले तर वर्षाचे ६० हजार. दुकानाचं भाडं त्यात निघतं, आणि सिझन नसला तरी गल्ला रिकामा राहत नाही. वर, हेच ग्राहक शेजाऱ्याला तुमचं नाव सांगतात.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. सगळीकडे चित्र चालवणं शक्य नसतं. शेतातल्या गोठ्यावर जिथे फोनवर बोलायलाच झाडावर चढावं लागतं, तिथे कोणतीही सेटिंग लाईव्ह चित्र देणार नाही. तिथे सरळ सांगा, "लाईव्ह नाही जमणार. मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग होईल, हालचाल झाली की जमलं तर एखादा फोटो येईल." काम गेलं तर जाऊ द्या. ज्याला तुम्ही नाही म्हणता, तो पुढच्या वेळी तुमच्या "हो"वर विश्वास ठेवतो.

या आठवड्याचा गृहपाठ

नुसतं वाचून सोडू नका. तुमच्या जुन्या ग्राहकांपैकी तिघांना फोन करा आणि एवढंच विचारा, "दादा, बाहेरगावी असताना चित्र नीट उघडते का?" नाही म्हणाले तर जा, अपलोड स्पीड मोजा, सबस्ट्रीम सेट करा, रस्त्यावर उभं राहून दाखवा. पहिल्या तिघांचे पैसे घेऊ नका, ती तुमची फी समजा. चौथ्यापासून मात्र फुकट नाही.

त्या कृषी केंद्रवाल्या काकांनी मागच्या वर्षी नवीन गोडाऊन बांधलं. कॅमेरे कोणते लावू, हे त्यांनी विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, "बापू, अमरावतीले दिसलं पाहिजे."

२ मेगापिक्सेलचे लावले. दिसतं.

तुमच्याकडे कोणती अडचण येते, अपलोड किती मिळतो आणि किती कॅमेरे आहेत, हे कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही केस घेऊन हिशोब करून दाखवतो. तोपर्यंत, शिकत राहा, विकत राहा, आणि ग्राहकाशी खरं बोला.

भेटू पुढच्या भागात.